उरेप

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे. जवळपास एखादा सुती रुमाल असेल तर हातात घ्या. आधी त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढून पाहा. फारसा ताणला जाणार नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. तोच रुमाल कसा लवतो बघा! कापड बदललं नाही, धागे बदलले नाहीत. बदलली ती फक्त दिशा.

ज्या भगिनी शिवणक्लासला गेल्या असतील त्या लगेच म्हणतील, अहो, हा तर उरेप! ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावायची तर ती उरेपच कापायची, म्हणजे वळणावर चुण्या पडत नाहीत. चुडीदार उरेप बेतला नाही तर पोटरीवर चढायचा नाही. आमच्या शिवणाच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. पण उरेप म्हणजे पट्ट्यांपुरता, अशीच माझी समजूत होती. एका बाईनं या तिरक्या कापावर आपलं सगळं आयुष्य बेतलं, हे मला फार उशिरा कळलं. तिचं नाव मादलेन व्हिओने.

मादलेनचा जन्म १८७६ सालचा, फ्रान्समधल्या एका लहान गावातला. वडील जकात नाक्यावर नोकरीला. आई घर सोडून गेलेली. मुलगी शाळेत हुशार, त्यातही गणितात विशेष. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पण अकरा-बारा वर्षांची झाली आणि शाळा सुटली. तिला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हाताखाली ठेवण्यात आलं. आपल्याकडच्या किती मुलींची गोष्ट अशीच सुरू होते, ते तुम्हाला सांगायला नको.

अठराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं. एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच गेली. लग्नही टिकलं नाही. भाषा येत नसताना ही पोर एकटी लंडनला गेली. सुरुवातीला रुग्णालयात कपडे शिवले, मग केट रायली यांच्या दुकानात काम मिळालं. पॅरिसला परतल्यावर ती ‘कॅलो भगिनीं’च्या नामांकित पेढीत लागली आणि तिथे खरी कारागिरी शिकली. पुढे ती म्हणायची, की या बहिणी भेटल्या नसत्या तर मी फोर्ड गाड्या बनवत राहिले असते, त्यांच्यामुळे रोल्स-रॉइस बनवू शकले.

त्या काळात युरोपातल्या बायका कॉर्सेट घालत. म्हणजे पोलादाच्या किंवा तशाच ताठ पट्ट्या घातलेली, नाड्यांनी आवळायची घट्ट काचोळीच. पोशाख आधी ठरायचा आणि शरीरानं त्यात मावायचं. १९०७ च्या सुमारास व्हिओने दूसे यांच्या पेढीत गेल्या आणि त्यांनी कपडे दाखवणाऱ्या मुलींना कॉर्सेटशिवाय, अनवाणी चालायला लावलं. तिथल्या जुन्या विक्रेत्या बायका इतक्या रागावल्या, की ते कपडे गिऱ्हाइकांना दाखवायलाच तयार होईनात. मग १९१२ मध्ये बाईंनी स्वतःची पेढी काढली. दोन वर्षांत महायुद्ध आलं आणि ती बंद करावी लागली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडली, आणि १९२३ मध्ये पॅरिसच्या माँतेन रस्त्यावरच्या मोठ्या वास्तूत गेली.

आता त्यांच्या कामाची रीत ऐका. त्या कागदावर चित्र काढत नसत. साधारण अर्ध्या मापाची एक लाकडी बाहुली त्यांच्यापुढे असे. तिच्या अंगावर कापड टाकायचं, फिरवायचं, टाचण्या लावायच्या आणि कापड स्वतःहून कुठे जातं ते पाहायचं. ग्रीक मूर्तींच्या अंगावरची वस्त्रं त्यांनी बारकाईनं पाहिली होती. त्यांचा एक प्रसिद्ध पोशाख केवळ चार चौकोनी तुकड्यांचा आहे. चार मोठे रुमालच म्हणा ना! ते कोपऱ्यांवर टांगल्यासारखे जोडले, की कापड आपोआप उरेप पडतं. ना आवळणं, ना पट्ट्या. बाई चालली की कापड तिच्याबरोबर चालतं, बसली की बसतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण ज्यांनी कधी पूर्ण झगा उरेप शिवला असेल त्यांना विचारा. कापड जास्त लागतं. ते स्वतःच्या वजनानं लोंबतं, खालचा घेर कुठे वर तर कुठे खाली जातो. म्हणून शिवलेला कपडा टांगून ठेवायचा, त्याला हवं तेवढं उतरू द्यायचं आणि मगच खाली दुमडायचं. शिलाई घट्ट घातली की ती तुटते. व्हिओनेबाई तर नेहमीपेक्षा जास्त पन्ह्याचं क्रेप मुद्दाम विणून घेत. गणितात हुशार असलेली ती शाळकरी मुलगी इथे दिसते. तिचं गणित वहीऐवजी कापडावर उतरलं, एवढंच.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. पुढचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

मी लग्नानंतर चार वर्षं तयार कपड्यांच्या एका कारखान्यात होते. बसायला बिनपाठीचं स्टूल. संध्याकाळी उठताना कंबर धरूनच उठायचं. सुटी घेतली की पगार कापला जायचा. माझ्या शेजारच्या मशीनवरची बाई सातव्या महिन्यापर्यंत कामाला येत होती. बाळंतपण उरकून ती परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती. ती दाराशी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. आम्ही कुणीच मान वर केली नाही. नगावर पैसे होते ना!

व्हिओनेबाईंच्या पेढीत भरभराटीच्या काळात हजाराहून अधिक माणसं कामाला होती. त्यांना पाठ टेकायच्या खुर्च्या होत्या. जेवणघर होतं, डॉक्टर होते, दातांचे डॉक्टर होते. बाळंतपणाची सोय होती, मुलांसाठी पाळणाघर होतं. भरपगारी सुटी होती. फ्रान्समध्ये भरपगारी सुटीचा कायदा १९३६ साली झाला. बाईंनी ती त्याआधीच दिली होती. आपल्याकडे प्रसूती लाभाचा कायदा १९६१ साली झाला. म्हणजे मी आणि ती माझी शेजारीण कारखान्यात जायच्या कितीतरी आधीचा. आम्हाला तो कुणी सांगितला नव्हता, आणि आम्हीही विचारला नव्हता.

बाईंच्या कपड्यांच्या नकला फार होत. त्या कोर्टात भांडल्या. प्रत्येक पोशाखाचे पुढून, मागून, बाजूनं फोटो काढून त्यांनी ते वह्यांत लावून ठेवले. आणि अस्सलपणाची खूण म्हणून लेबलावर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उठवला. आपल्याकडे अंगठा म्हणजे निरक्षरपणाची खूण. पगारपत्रकावर अंगठा उठवताना आमच्यातल्या कित्येक जणी पदरानं तो लगेच पुसत. इथे एक बाई तोच अंगठा अभिमानानं लावत होती. अर्थात सगळंच गोड सांगू नये. ते कपडे श्रीमंतांनाच परवडत, आणि शिवणाऱ्या हजार बायकांपैकी कुणाचंही नाव त्या लेबलावर नव्हतं.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास पेढी कायमची बंद झाली. १९५२ मध्ये बाईंनी आपल्याजवळचे पोशाख, कच्चे नमुने आणि फोटोंच्या वह्या वेशभूषा जतन करणाऱ्या एका फ्रेंच संस्थेला देऊन टाकल्या. १९७५ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. २००९ मध्ये पॅरिसमध्ये त्या ठेव्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्या जपलेल्या नमुन्यांवरून त्यांचे कपडे आजही अभ्यासले जातात. शिक्षिका व्हायचं राहून गेलेल्या मुलीनं शेवटी शिकवलं, ते असं.

माझा शिवणक्लास लहान आहे, आठ मशिनांचा. व्हिओनेबाईंबद्दल वाचलं त्या वर्षी एक नववं मशीन घ्यायला पैसे साठवले होते. ते घेतलं नाही. आठ खुर्च्या घेतल्या, पाठीच्या. नवीन मुली आल्या की मी अजूनही पहिल्या दिवशी रुमालच हातात देते आणि कोपरे धरून ओढायला सांगते. प्रसूतीच्या कायद्याचं मात्र दुसऱ्या दिवशी सांगते, मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवायच्या आधी.