बूथचं रक्त, बूथचा वंश



१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ या नटानं अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी झाडली. बारा दिवसांनी, व्हर्जिनियात एका शेतावरच्या तंबाखूच्या कोठारात त्याला सैनिकांनी गाठलं आणि तिथंच त्याला गोळी लागली, आणि काही तासांत तो मेला. वय अवघं २६. लग्न झाल्याची विश्वासार्ह नोंद नाही. तरीही अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या काही घरांत सांगितलं जातं, की आम्ही त्याचे वंशज आहोत.

खुन्याचा वंश कुणी मिरवील का, असं आपल्याला वाटेल. पण बहुतेक ठिकाणी ही मिरवण्याची गोष्ट नसते. आजीनं दार लावून हळू आवाजात सांगितलेली गोष्ट असते, आणि आजी खोटं बोलेल असं नातवाला वाटत नाही. म्हणून असा दावा हसून उडवून लावू नये. तो तपासावा.

सगळ्यांत गाजलेला दावा इझोला फॉरेस्टर या लेखिकेचा. तिनं १९३७ साली पुस्तक लिहून सांगितलं, की आपल्या आजीनं बूथशी १८५९ मध्ये गुपचूप लग्न केलं होतं आणि आपली आई ऑगरिटा ही त्यांची मुलगी. याहून निराळी कथा फिनिस बेट्स या वकिलाची. १९०७ च्या त्याच्या पुस्तकाप्रमाणे कोठारात गोळी लागली तो बूथ नव्हेच. खरा बूथ निसटला, नाव बदलून जगला आणि १९०३ मध्ये ओक्लाहोमातल्या एनिड गावी विष घेऊन मेला. त्या एनिडच्या माणसाचं रसायनं भरून टिकवलेलं प्रेत पुढं कित्येक वर्षं जत्रांमधून पैसे घेऊन दाखवलं जात होतं. मेलेल्या माणसाची ही विटंबना मला आजही अस्वस्थ करते.

इथं दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. कोठारात गोळी लागली तो बूथच होता का, हा पहिला. त्याला मूल होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'होय' असेल, तर जानेवारी १८६६ नंतर जन्मलेलं कुठलंही मूल त्याचं असू शकत नाही, आणि पळून गेलेल्या बूथच्या नावावर सांगितले जाणारे सगळे वंश एका फटक्यात बाद होतात.

पहिल्या प्रश्नाला पुरावा आहे. प्रेत माँटॉक या युद्धनौकेवर आणलं गेलं. डॉक्टर मे यांनी पूर्वी बूथच्या मानेवरची गाठ काढली होती. त्यांनी तो व्रण ओळखला. हातावर नावाची आद्याक्षरं गोंदलेली होती. शवविच्छेदनात मानेचे तीन मणके काढून घेतले गेले, ते आजही अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय संग्रहालयात आहेत. बाकीचं शरीर १८६९ मध्ये कुटुंबाच्या हवाली झालं आणि बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत पुरलं गेलं. हे थडगं उघडू द्या, असा अर्ज नातेवाइकांनी १९९४ मध्ये केला. न्यायाधीश कॅप्लन यांनी १९९५ मध्ये तो फेटाळला: नेमकी जागा ठाऊक नाही, पाण्यानं अवशेषांची हानी झालेली असणार, आणि निसटल्याची कथा पटण्याजोगी नाही. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानंही तेच कायम केलं.

मग नजर गेली ती मणक्यांकडे. फक्त आईकडूनच येणारा एक डीएनए असतो, तो आई आपल्या सगळ्या मुलांना जसाच्या तसा देते. जॉनचा थोरला भाऊ एडविन हा त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत मोठा नट. दोघांची आई एकच. एडविनचे अवशेष आणि ते मणके यांतला हा डीएनए जुळला नाही, तर मणके जॉनचे नव्हेत हे ठरेल. जुळला, तर ते त्याच मायवंशातले ठरतील, आणि व्रण, गोंदण, नोंदी यांच्या जोडीला ती भक्कम साक्ष होईल. एडविनच्या वंशजांची याला तयारी असल्याच्या बातम्या २०१० च्या सुमारास आल्या. संग्रहालयानं मात्र मणक्याचा नमुना द्यायला नकार दिला, कारण नमुना काढला की हाडाचा तेवढा भाग कायमचा जातो.

दुसऱ्या प्रश्नापाशी आईकडचा हा डीएनए निरुपयोगी ठरतो, कारण पुरुष तो पुढं देत नाही. वडिलांकडून मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र चालेल, पण दावेदार अखंड पुरुषांच्या ओळीतून आलेला हवा. ऑगरिटा मुलगी, इझोला मुलगी. ती वाट तिथंच बंद. उरतो तो आई आणि वडील दोघांकडून मिसळून येणारा डीएनए, आणि तो पिढीगणिक निम्मा होतो. ऑगरिटा खरोखर बूथची असेल, तर एडविनची मुलगी एडविना तिची सख्खी चुलत बहीण. त्या दोघींच्या पणतवंडांपर्यंत आलो, की अशा जोड्यांपैकी सुमारे निम्म्यांत ओळखण्याजोगा एकही समान तुकडा सापडत नाही. म्हणजे तुकडा जुळला नाही, एवढ्यावरून नातं नाही असं म्हणता येत नाही.

आणि जुळला तरी? तो बूथ घराण्याचा आहे एवढंच कळतं. कुठल्या भावाचा, हे रक्त सांगत नाही. ज्युनियस, एडविन, जॉन, जोसेफ हे चौघे सख्खे भाऊ, आणि पहिले तिघे गावोगावी फिरणारे नट. इथं कागद लागतात. नटाचा ठावठिकाणा जाहिरातींवरून आणि वर्तमानपत्रांवरून जवळजवळ दिवसागणिक काढता येतो. १८६१ च्या डिसेंबरात एडविन लंडनमध्ये होता. एडविना तिथंच जन्मली. त्या महिन्यात अमेरिकेत गर्भ राहिलेलं मूल एडविनचं नव्हे, हे एका नोंदीनं ठरतं. उलट २५ नोव्हेंबर १८६४ ला ज्युनियस, एडविन आणि जॉन तिघेही न्यूयॉर्कमध्ये एकाच रंगमंचावर 'ज्युलियस सीझर' करत होते. त्या दिवसांत गर्भ राहिलेल्या मुलाबद्दल कागदही गप्प बसेल.

अमेरिकेचे आधीचे एक अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या बाबतीत हेच घडलं होतं. १९९८ मध्ये त्यांच्या चुलत्याच्या वंशातलं वाय गुणसूत्र सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या एस्टन या मुलाच्या वंशजाशी जुळलं. तेवढ्यानं बाप म्हणून थॉमसचं नाव पक्कं होत नव्हतं. भाऊ रँडॉल्फही असू शकला असता. तोल फिरला तो जेफरसन यांच्या माँटिसेलो या घरच्या नोंदींमुळे. सॅलीला प्रत्येक गर्भ राहिला त्या सुमारास जेफरसन घरी होते. आपणही जेफरसन यांचे वंशज आहोत, हा वुडसन घराण्याचा तसाच जुना, तसाच मनापासून जपलेला दावा मात्र त्याच चाचणीत जुळला नाही.

इझोला फॉरेस्टरचा दावा याच कसोटीला लावला, तर तो आज टिकत नाही. १८५८ पासून १८६० पर्यंत जॉन बूथ रिचमंडच्या नाटक मंडळीत पगारी नट होता, लग्नाचं सांगितलेलं साल त्याच काळात येतं, आणि त्या गुपचूप लग्नाला घरच्या सांगण्यापलीकडे भक्कम आधार नाही. दावा खोटा ठरला असंही मी म्हणणार नाही. तो सिद्ध झालेला नाही. मणक्यांचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. हाडातून चिमूटभर भुकटी घेऊन काम होतं, आणि संग्रहालयानं ती द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.