पादचाऱ्याचा हक्काचा रस्ता

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून शारदा चौकमार्गे तात्यापाऱ्याकडे संध्याकाळी पायी जाऊन पाहा. दुकानाची पायरी, तिच्यापुढे लावलेल्या दुचाकी, त्यांच्याही पुढे हातगाडी. मग हातात पिशवी आणि बोटाला नातू असलेल्या आजींना भर वाहतुकीत उतरण्यावाचून गत्यंतर नसतं.

शास्त्री चौकात पादचाऱ्यांसाठी स्कायवॉकचं काम 2017 मध्ये सुरू झालं आणि राज्यातल्या सत्ताबदलानंतर वर्षानुवर्षं रखडलं. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिने चढायला लावणं हा सोपा उपाय नव्हे. त्याला जमिनीवरूनच सुरक्षित वाट हवी.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जाऊ शकतात. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र येतात, तिथे वेग ताशी 30 किलोमीटरपर्यंतच ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी वेगात चालकाला थांबायला वेळ मिळतो आणि धडक बसलीच तर जीव वाचण्याची शक्यता वाढते.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, अडथळामुक्त पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

म्हणून पालिकेकडे मोकळ्या पदपथाची मागणी लेखी करा. आणि आपली गाडी पदपथावर लावू नका. झेब्रा पट्ट्यांआधी थांबा. पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्या.