पाट्या वाचून शिकलेला कवी

कवी म्हटला की सुशिक्षित घरात प्रथम आठवते ते त्याचे पुस्तक. संग्रह निघाला, त्यावर चार परीक्षणे आली, एखादी कविता शालेय क्रमिक पुस्तकात गेली, म्हणजे कवीचा उदय झाला असा सर्वसाधारण समज असतो. गवयाच्या बाबतीत पुस्तकाची जागा मैफल आणि ध्वनिमुद्रिका घेतात. परंतु जो स्वतःच पद रचतो, स्वतःच त्याची चाल ठरवतो आणि स्वतःच ते लोकांपुढे उभे राहून गातो, त्याचा उदय कोणत्या खुणेने ओळखावा? महाराष्ट्रात अशा गायक-कवींची परंपरा जुनी आहे. त्या मालिकेतील विसाव्या शतकातले एक ठळक नाव म्हणजे वामन तबाजी कर्डक, अर्थात लोकांचे वामनदादा. त्यांचा उदय कोणत्याही रंगमंदिरात झाला नाही. तो मुंबईच्या कामगार वस्तीत झाला, आणि त्याला निमित्त झाले ते वाचता न आलेले एक पत्र.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. ज्या प्रदेशात ते वाढले तो त्या काळी स्वस्थ नव्हता. ते सात वर्षांचे असताना, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तेरा वर्षांचे असताना, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मात्र या मुलाच्या वाट्याला शाळा आली नाही. पुढे पोटासाठी मुंबई गाठल्यावर त्यांनी मिळेल ते काम केले: गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत खपले, खडी फोडली, चिक्की विकली. अखेरीस बिऱ्हाड पडले ते शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत. सरकारी विकास खात्याने उठवलेल्या या मुंबईतील चाळींची रचना ठराविक होती. तळमजला व त्यावर तीन मजले, एकंदर ऐंशी खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा ठिकाणी घर केवळ निजण्यापुरते असते. उरलेले आयुष्य गॅलरीत आणि पटांगणात जाते.

त्या पटांगणात हा तरुण मुलांना लेझीम शिकवी. चारचौघांत पुढे होऊन बोलणारा, ताठ उभा राहणारा मनुष्य शिकलेला असणार, असे कोणासही वाटावे. एके दिवशी एकाने आपले पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हातात दिले. वामनदादांना ते वाचता येईना, आणि त्या शरमेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर त्यांनी एका गुरुजींकडे बाराखडी गिरवली. जोडाक्षरे मात्र त्यांनी शिकून घेतली ती रस्त्याने जाता-येता दुकानांवरच्या पाट्या वाचून. विशीच्या आसपास अक्षरओळख झालेला हा मनुष्य थोड्याच काळात पदे रचू लागला.

येथे त्या काळच्या मुंबईतील गाण्याकडे वळून पाहणे अवश्य आहे. मध्यमवर्गीय घरांतून तेव्हा भावगीताचा अंमल चालू होता. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या गायनाने नव्या कवींच्या कविता घरोघरी पोहोचत होत्या. त्याच शहरात, काही मैलांच्या अंतरावर, निराळेच गाणे चालले होते. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन, त्यातील गण, गौळण आणि बतावणी यांना नवा आशय देऊन जलसा उभा केला होता. आंबेडकरी चळवळीने तोच जलसा पुढे नेला, आणि नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातील अग्रणी होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. गिरणगावात सभा म्हटली की आधी गाणे, असा तो काळ होता. डफ, ढोलकी, पेटी आणि पाठीमागे झील धरणारे दोघे-तिघे, एवढ्या साहित्यावर हजारोंचा जमाव बसवून ठेवावा लागे.

या वातावरणात १९४३ मध्ये वामनदादांनी पहिले गाणे रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. लोकांनी टाळ्या दिल्या, आणि नव्या कवीला आपला मार्ग सापडला. विडंबनाने आरंभ करणे हे काहींना हलके वाटेल. तथापि त्यातील हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. चाल श्रोत्यांच्या कानांत आधीच बसलेली असली की तिच्यासाठी वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. सगळे अवधान शब्दांकडे वळते. धृपद आखूड असले आणि झीलकऱ्यांनी ते दोनदा घोळवले की मागच्या रांगेतील माणसालाही ते पाठ होते. कडव्यात एकेक मुद्दा मांडावा, प्रत्येक मुद्द्यानंतर धृपदावर यावे, आणि शेवटच्या कडव्यात संतकवींप्रमाणे आपल्या नावाची मुद्रा घालावी, ही झाली या गीताची बांधणी. अशा सभेतील पुष्कळ श्रोते निरक्षर असत. त्यांना घरी नेता येईल असे एकच पुस्तक होते, ते म्हणजे स्मरण. ज्याने स्वतः विशीपर्यंत सर्व काही कानानेच टिपले होते, त्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या कवित्वावर सुशिक्षितांचे दोन आक्षेप असत. पहिला असा की, चाली उसन्या आहेत. परंतु हाच निकष लावायचा तर मराठी नाट्यसंगीताचे काय करावे? १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकात भास्करबुवा बखल्यांनी जुन्या चिजांच्या चाली खाडिलकरांच्या पदांना दिल्या, आणि रसिकांनी त्या डोक्यावर घेतल्या. चाल घराण्यातून आली तर वैभव आणि चित्रपटातून आली तर चोरी, हा न्याय बरोबर नव्हे. दुसरा आक्षेप प्रचाराचा. यात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही; प्रसंगासाठी लिहिलेली पदे प्रसंगाबरोबर विझतात, आणि वामनदादांचीही तशी पदे असणारच. परंतु ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नाही, त्याच्यासाठी पाण्याचे गाणे हा प्रचार नसून आत्मकथन असते. त्याचे सुख-दुःख आणि त्याची चळवळ यांच्यात रेघ ओढता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. नेता गेल्यानंतर त्याचा विचार खेडोपाडी जागता ठेवण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत वामनदादा होते. गावोगाव हिंडून त्यांनी हजारो गीते रचली आणि गायिली. त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ साली निघाला, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. पुस्तकावरून कवी ओळखणाऱ्यांना तोवर त्यांचा पत्ता लागला नव्हता, मग त्यात नवल ते काय? १५ मे २००४ रोजी ते निवर्तले.

मुखोद्गत गाण्याला एक धोका असतो. ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना शब्द बदलतात, आणि वेळ थोडा असला की शेवटचे कडवे गळते. शेवटचे कडवे गळले की त्यातील नाव जाते, आणि गाणे निनावी होते. १४ एप्रिलला शहरोशहरी ध्वनिक्षेपकावर गीते लागतात, तेव्हा माडीवरच्या खिडक्या पुष्कळदा लावून घेतल्या जातात. त्या दिवशी एखादी खिडकी उघडी ठेवून एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे. अखेरच्या ओळींत ‘वामन’ हे नाव आले, तर ते कोणाचे, हे घरातल्या मुलांना सांगावे. पत्र वाचता आले नाही म्हणून रडलेल्या माणसाचे हे एवढे देणे सुशिक्षित घरांकडे बाकी आहे.