आठवीत किती होते, दहावीला किती बसले?

आजचा भाग थोडा घरचा आहे. एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल, नाहीतर अभ्यासिकेतून रूमवर चालत निघाला असाल, तर दहा-बारा मिनिटं द्या. विषय आहे शाळा. गावाकडची सरकारी हायस्कूल चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

झालं असं, मे महिन्यात ताईचा फोन आला. आमचं गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरात. ताई आणि दाजी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि गाळप संपलं की परत येते. भाची यंदा सातवी पास झाली, आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. आता पुढं दोन रस्ते. एक, तालुक्याच्या गावची खासगी इंग्रजी शाळा. दारात व्हॅन येते, फी तगडी. दुसरी, पाच किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची प्रशाला.

ताई म्हणाली, "तुझे दाजी म्हणतेत, औंदा उचल जरा जास्त घेऊ अन् लेकराला इंग्रजी शाळेत घालू. तू शिकलेला हाईस. तूच बघून सांग, कोणती शाळा चांगली."

ज्यांच्या घरात कोयता आहे त्यांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाच्या आधी या जोडीला आगाऊ पैसे देतो, ती उचल. ती अंगावर घेतलेली रक्कम ऊस तोडून फेडायची. फिटली नाही, तर पुढच्या हंगामात परत त्याच्याकडंच. म्हणजे मी "इंग्रजी शाळा चांगली" म्हणालो असतो, तर त्या एका शब्दाची किंमत ताईच्या पाठीनं मोजली असती. नुसतं ऐकून सांगणं शक्यच नव्हतं. सुट्टी काढली आणि गावाकडं गेलो.

खासगी शाळेच्या गेटवर मोठा फ्लेक्स होता. 'दहावीचा निकाल १०० टक्के', खाली हार घातलेल्या मुलांचे फोटो. प्रशालेच्या भिंतीवर काहीच नव्हतं. निकाल विचारला तर सर म्हणाले, "एक्क्याण्णव टक्के." आता सांगा, कोणती शाळा चांगली? शंभर की एक्क्याण्णव?

थांबा. आधी टक्क्यांची एक गंमत बघा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. २०२० ला एकदम ९५.३० वर गेला. एका वर्षात राज्यातल्या सगळ्या शाळा बिघडल्या आणि पुढच्या वर्षी सगळ्या सुधारल्या, असं झालं का? नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व समाजशास्त्राचे शाळेच्या हातात असलेले २० अंतर्गत गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय कोरोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीनं दिले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! शिक्षक तेच, वर्ग तेच, फळा तोच. नियम बदलला की टक्का बदलतो. मग फ्लेक्सवरच्या आकड्यावरून शाळेची पारख कशी करायची?

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टक्का काढताना भागाकार कशानं करतात? परीक्षेला जे बसले त्यांच्या संख्येनं. जे बसलेच नाहीत, ते हिशोबात नाहीत.

माझाच वर्ग सांगतो. शाळेचं नाव नको. आठवीत आम्ही ४३ जण होतो. दहावीची हॉल तिकिटं आली २८. निकाल लागला, २८ पैकी २८ पास. गावात पेढे वाटले, बोर्ड लागला, शंभर टक्के. मीपण पेढा खाल्ला. उरलेले १५ कुठं गेले, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही नाही. काहीजण लहान भावंडं सांभाळायला आईबापासोबत फडावर गेले. काही नववीत नापास झाले आणि परत आलेच नाहीत. दोघांना सांगितलं गेलं, "तुम्ही १७ नंबरचा फॉर्म भरा", म्हणजे बाहेरून बसा, शाळेच्या निकालात तुम्ही नको. आणि चार मुलींची लग्नं झाली. त्यातली एक माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती.

४३ पैकी २८ म्हणजे ६५ टक्के. माझ्या शंभर टक्केवाल्या शाळेचा खरा निकाल हा होता.

म्हणून मी दोन्ही शाळांत एकच प्रश्न विचारला. "दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती होते, आणि त्यातले यंदा दहावीला किती बसले?"

खासगी शाळेत म्हणाले, ऑफिसात विचारा. ऑफिसात म्हणाले, अशी माहिती देत नाही, प्रवेश घ्यायचा असेल तर फॉर्म घ्या. खरं सांगू, कदाचित त्यांचा आकडा चांगलाही असेल. पण दाखवला नाही.

प्रशालेत मुख्याध्यापकांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हटलं, सर, भाचीचा प्रवेश आहे, आईबाप ऊसतोडीला असतात. मग त्यांनी हजेरीपट काढला. आठवीत ३६. दहावीला बसले ३३. पास ३०.

हिशोब करा. ३३ पैकी ३० म्हणजे त्यांचे ते ९१ टक्के. पण ३६ पैकी ३० धरले तरी ८३. माझ्या शंभर टक्केवाल्या शाळेचे किती होते? ६५!

मी विचारलं, "सर, ते तिघं?" दोघांनी दाखला काढून दुसरीकडं नाव घातलं होतं, कुठल्या शाळेत तेही सरांना माहीत होतं. तिसरीचं विचारल्यावर सर जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "तिचं लग्न लावून दिलं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

मित्रांनो, बीडमध्ये ही एका घरातली गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ आहे, म्हणजे आपलं जवळपास दुप्पट. आईबाप सहा महिने बाहेर, घरी वयात आलेली मुलगी. तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न लग्नानं सोडवला जातो. आणि बघा, शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वयासाठी, आठवीपर्यंत आहे. म्हणजे नववीत मूल गळतं तिथं कायद्याचा हात सुटलेला असतो. तिथं कुणीतरी नाव घेऊन विचारणारं लागतं, "ती का आली नाही?" माझ्या मते हायस्कूलची पहिली परीक्षा ही आहे. बाकीचं नंतर.

या सरांकडं एक साधी दोनशे पानी वही होती. कोणाचे आईबाप कोणत्या कारखान्याला गेलेत, मुकादमाचा नंबर, मागं राहिलेल्या आजीचा नंबर. टोळ्या निघायच्या आधी ते घरोघर जातात आणि लेकराला मागं ठेवा म्हणून सांगतात. ठेवायला कुणी नसेल तर वसतिगृहाचं बघतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. त्यात ४१ तालुके आणि मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहं ठरली. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, जागा आहे का, हे दिवाळीच्या आधी जाऊन विचारा. टोळी निघाल्यावर नाही.

आता सगळं गोडच सांगत नाही. प्रशालेच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. उघडून दाखवलं, तर परीक्षानळ्यांवर बोटभर धूळ. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, विज्ञानाच्या मॅडम दोन्ही विषय ओढत होत्या. मुलींच्या टॉयलेटला पाणी होतं, पण एका दाराला कडी नव्हती. हे पण लिहून घेतलं.

तुम्हाला बघायचं असेल तर क्रम सांगतो. घरी बसून यूडायसची साइट उघडा. प्रत्येक शाळेला ११ अंकी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. तिथं वर्गवार पट, शिक्षक, टॉयलेट हे दिसतं. पण ती माहिती शाळेनंच भरलेली असते, म्हणून नंतर प्रत्यक्ष जा. आठवी-दहावीचा हिशोब विचारा. गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवायला कोण आहे, ते विचारा. नववीतल्या कोणत्याही मुलाची वही बघा, लाल शाई शेवटची कोणत्या तारखेला लागली आहे? त्याला मराठीचा एक उतारा वाचायला सांगा. यात हसण्यासारखं काही नाही. २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचू शकला नव्हता.

आणि विचारा, आठवीतून एनएमएमएसला किती मुलं बसवली? ही केंद्राची शिष्यवृत्ती आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. ज्या शाळेला गरीब लेकराची काळजी आहे, ती या परीक्षेचे फॉर्म भरते. प्रशालेतून मागच्या वर्षी अकरा जण बसले होते, दोघांना मिळाली.

संध्याकाळी ताईच्या ओट्यावर बसलो. दाजी, ताई, आजी, भाची सगळे होते. मी निकाल दिला नाही. कागद पुढं ठेवला आणि दोन्ही शाळांचं जे दिसलं ते वाचून दाखवलं, कुलपासकट, कडीसकट. दाजी म्हणाले, "इंग्रजीचं काय मग?" बरोबर प्रश्न आहे. पण सातवीपर्यंत मराठीत शिकलेली पोर आठवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत शिकणार, घरी विचारायला कुणी नाही, आणि फीपायी अंगावर उचल वाढणार. हे मी बोललो, मग गप्प बसलो.

आजी म्हणाली, "मी हाय की घरी. पोरगी माझ्यापाशी राहील." ताईनं कागद हातात घेतला. त्या ३६ आणि ३३ वर बोट ठेवून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मी नववीत शाळा सोडली तवा कुणी मोजलंच न्हाई रे. ह्या सरांनी वहीत लिहिलंय तर खरं."

भाचीचं नाव प्रशालेत घातलंय. गणिताची जागा अजून रिकामीच आहे. भरती 'पवित्र' पोर्टलवरून होते, ती कधी होईल ते आपल्या हातात नाही. ताई आता शाळा समितीत आहे, तिच्या सहीनं शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज गेलाय. कडी मात्र बसली, दीडशे रुपयांत. आणि दर रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉलवर भाचीचं गणित घेतो. दिवाळीला टोळी निघेल, तेव्हा खरी परीक्षा आहे. तिची, आजीची, शाळेची आणि माझीसुद्धा.

तुम्हाला एक काम सांगतो. तुमचा आठवीचा वर्ग आठवा. किती जण होते? दहावीला किती बसले? मधले कुठं गेले? दोन आकडे मला व्हॉइस मेसेज करून पाठवा. शाळेचं नाव नको, मुलांचं तर अजिबात नको. आणि गावाकडं फोन लावाल तेव्हा घरच्यांना विचारा, यंदा आपल्या शाळेत हे कोण मोजतंय?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.