नमुन्याची घरे
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



प्रवासात काय पाहिलेत ते सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह आहे. मी सातवी शिकलेली. स्थापत्यशास्त्र मला कळत नाही. पण घर कळते. म्हणून घरांविषयीच चार शब्द सांगते.

गेल्या वर्षी मी भाचीकडे जर्मनीत स्टुटगार्टला गेले होते. हे शहर १९६८ पासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे. तिथे टेकडीवर वाइसनहोफ नावाची वसाहत आहे. ती १९२७ साली प्रदर्शनासाठी बांधली. पुठ्ठ्याचे नमुने नव्हेत, खरीखुरी घरे! मीस व्हान डेर रोह हे प्रमुख, त्यांच्यासह सतरा वास्तुशिल्पी, एकवीस इमारती आणि त्रेसष्ट बिऱ्हाडे. लोकांनी आत शिरून खोल्या पाहिल्या आणि प्रदर्शन संपल्यावर तिथे भाडेकरू राहायला आले. महायुद्धानंतर त्यांतल्या अकराच इमारती उरल्या.

आपले चंदीगड आखणारे ल कॉर्ब्युझिए यांचे जोडघर तिथे आहे. त्यात आता संग्रहालय केले आहे. दिवसा एकच मोठी खोली. रात्री सरकत्या भिंती ओढायच्या आणि कपाटाखालून पलंग बाहेर काढायचे. मला चाळीतल्या गुंडाळलेल्या गाद्या आठवल्या. मधली वाट मात्र आगगाडीच्या डब्यासारखी अरुंद. हातात परात असली म्हणजे समोरच्याने मागेच सरावे!

पण मला खरा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. एर्ना मायर नावाच्या विदुषींनी घरकामावर १९२६ साली पुस्तक लिहिले होते. त्यांनी आणि तिथल्या गृहिणींच्या संघाने स्वयंपाकघर कसे असावे याच्या सूचना वास्तुशिल्पींना दिल्या. काम उजेडात व्हावे, बसून करता यावे, वस्तू कामाच्या क्रमाने लागाव्यात, उगाच येरझाऱ्या नकोत. सर्वांनीच ते मानले असे नाही. हॉलंडचे औट यांनी मनावर घेतले. त्यांच्या घरांत खिडकीखाली कामाची जागा आहे आणि ताटे पलीकडे द्यायला भिंतीत झरोका आहे.

भगिनींनो, हे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. नकाशे सभेत पुरुषमंडळींनी पाहिले. आपल्याला विचारले ते फक्त भिंतींच्या रंगाचे. नमुन्याचे घर पाहायला बोलावतील तेव्हा दिव्यांच्या झगमगाटाला भुलू नका. टेप घेऊन जा. पलंगाची लांबी मोजा. आखूड पलंगाने खोली मोठी दिसते. ओट्याशी उभ्या राहून कणीक मळल्यासारखे हात हलवून पाहा. सिलिंडर कुठे, भांडी घासायची कुठे, पापड वाळायचे कुठे आणि आजारी सासूबाईंची खाट दारातून वळेल का, हे विचारा.

माझी एकच सूचना आहे. सह्या होण्यापूर्वी तो नकाशा आठ दिवस मंडळाच्या खोलीत लावावा, शेजारी पेन्सिल टांगावी आणि प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरावर खूण करावी. तिथल्या बायकांनी १९२७ साली सांगितले. आपणही आता सांगू या.