एकटीने फिरवावयाचे हात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आत्ता आपल्या मुलींनी दांडपट्ट्याचे हात करून दाखविले. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारले, "समोर कोणीच नाही, मग हे वार कोणावर?" प्रश्न अगदी वाजवी आहे.

पट्टा तलवारीसारखा दिसतो खरा, पण त्याची तऱ्हा वेगळी. पाते सरळ, दुधारी आणि लवचीक. मुठीवर कोपरापर्यंत पोचणारा लोखंडी खोबळा. त्यात हात गेला की मनगट वळत नाही. मग वार यायचा कोठून? कोपरातून, खांद्यातून आणि कमरेतून. कणीक तिंबताना नुसती बोटे चालवून भागत नाही, तसेच हे. शिवाय लवचीक पाते मध्येच अडवून धरता येत नाही. एक वार सुटला की त्याच वेगात दुसरा गुंफावा लागतो आणि पायांचा पवित्रा त्याच्या आधी फिरावा लागतो. पाय चुकला तर पाते आपल्याच पोटरीला! म्हणून वारांचा क्रम ठरवून तो एकटीने घोटायचा. धारेचा पट्टा घेऊन मैत्रिणीवर कशी शिकणार? हात बसला की नाही हे जमिनीवर ठेवलेले लिंबू सांगते.

ही विद्या आपल्या विदर्भाला परकी नाही. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तेथील मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखविले. बडोद्याच्या मुजुमदारांनी तर व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड केले. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्याचे जाहीर झाले, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांच्या तोंडून. आणि २०२० साली टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर काठी फिरविणाऱ्या शांताबाई पवार आठवतात ना? वय ८५! त्यांच्याही समोर कोणी नव्हते. पण त्या काठीवर घर चालले होते. त्यांच्यापुढे आमची कंबरदुखी मला फार मोठी वाटत नाही.

आता थोडे कडू बोलते. काही आया म्हणतात, पोर पट्टा शिकली, आता रात्री शिकवणीहून एकटी येईल. नाही हो! ठरलेल्या क्रमात समोरची जागा रिकामी असते. गुंड क्रम पाळत नाही. त्याने हात धरला की काय करायचे, हे रिकाम्या जागेतून कळत नाही. जंगलाकडच्या बायांना तर हे सांगायलाच नको. मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईवर वाघ येतो, तेथे चारजणींची सोबत आणि मोठ्याने बोलणेच कामाचे. मुलीला खोटा धीर देणे हे काहीच न शिकविण्यापेक्षा वाईट.

एकटीच्या हातांनी अंग तयार होते, दम वाढतो, भीड मोडते. त्यापुढची पायरी फरी-गदक्याची. एका हातात ढाल, दुसऱ्यात चामडे मढविलेली काठी, आणि समोर खरोखरीची मुलगी, जी तमाचा चुकविते आणि उलट बाहेरा मारते. तेथे कळते की आपला वार पोचतो की नाही.

आपल्या मुलींनी ही पायरी अजून पाहिलेली नाही. पुढच्या वर्षी नव्या फेट्यांसाठी जी रक्कम ठेवली आहे, तिच्यातून चार गदके आणि चार फऱ्या घ्याव्यात, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे. फेटे जुनेच चालतील. धुऊन, खळ घालून द्यायचे काम माझ्याकडे.