नमुना एक, हात अनेक



कचेरी म्हटली कीं कागद आला, आणि कागद म्हटला कीं त्याचा नमुना आला. मायना कोठें लिहावा, जावक क्रमांक कोठें घालावा, सहीखालीं हुद्दा कसा यावा, हें प्रत्येक पत्राच्या वेळीं नव्यानें ठरवावयाचें म्हटल्यास दिवसाचें काम दिवसांत उरकावयाचें नाहीं. म्हणून जाणत्या लेखकांनीं नमुने फार पूर्वींच करून ठेविले. 'लेखपद्धति' नांवाचा गुजरातेंतील एक जुना संस्कृत संग्रह १९२५ सालीं बडोद्यास छापून निघाला. त्यांत दानपत्रें, गहाणखतें, विक्रीपत्रें यांचे नमुने एकत्र केलेले आहेत. नांवगांव बदलावें आणि कागद तयार करावा, ही युक्ति अशी शतकानुशतकें चालत आलेली आहे.

आज हें लेखन संगणकावर होतें. चार टेबलांवर चार संगणक असतात, ते एकमेकांस जोडलेले असतात, आणि सर्वांच्या फायली जेथें राहतात असा एक संगणक मध्यें असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. इतकी सोय असूनहि बहुतेक कचेऱ्यांत काय चालतें? गेल्या वर्षींचें पत्र उघडावयाचें, नांव बदलावयाचें, आणि दुसऱ्या नांवानें जतन करावयाचें. वरचें नांव बदलतें, परंतु तिसऱ्या परिच्छेदांतलें जुनें नांव तसेंच राहतें, आणि एकाच्या पत्रांत दुसऱ्याची हकीकत वाचावयास मिळते. कधीं घाईनें जतन करतांना मूळ पत्रच पुसलें जातें.

यावर उपाय म्हणजे टेम्प्लेट. आपण त्यास नमुना म्हणूं. 'वर्ड'मध्यें अशा फाइलीच्या नांवाशेवटीं 'डीओटीएक्स' हीं अक्षरें येतात. साधें पत्र उघडलें म्हणजे तेंच पत्र हातीं येतें. नमुन्यावर दोनदां टिचकी मारली म्हणजे त्याची कोरी नक्कल हातीं येते आणि मूळ नमुना जागच्या जागीं सुरक्षित राहतो. भेद एवढाच, पण कचेरीच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे.

खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो. नमुना केला एकानें. तो सर्वांस द्यावा कसा? पुष्कळांस वाटतें, प्रत्येकास एकेक प्रत द्यावी म्हणजे झालें. यांतील धोका ध्यानांत यावा म्हणून एका शिक्षणसंस्थेच्या कचेरींत घडलेली गोष्ट सांगतों. तेथें शाळा सोडल्याच्या दाखल्याचा एक सुबक नमुना कोणी हौसेनें तयार केला आणि तारखेच्या जागीं आपोआप भरणारी तारीख घातली. चारी टेबलांनीं तो आपापल्या संगणकावर उतरवून घेतला. जूनमध्यें एका मुलास दाखला मिळाला. पुढें त्याच्या महाविद्यालयाकडून पडताळणीचें पत्र आलें, तें नोव्हेंबरांत. कचेरीनें संगणकांतील स्थळप्रत उघडून छापली, तों तिच्यावर नोव्हेंबरची तारीख! एक दाखला, दोन तारखा. लबाडी कोणाचीच नव्हती. परंतु संशयाची नजर मुलाकडे वळली, आणि जुनें रजिस्टर काढून खुलासा होईपर्यंत त्याचा प्रवेश अडकून पडला. बापाला दोन वेळां कामावर खाडा करून यावें लागलें. नंतर एका टेबलानें आपला नमुना दुरुस्त केला. बाकीच्या तिघांचे मात्र कित्येक दिवस तसेच चालू राहिले.

या गोष्टींत दोष दोन आहेत. पहिला तारखेचा. वर्डमध्यें आपोआप येणाऱ्या तारखेचा एक प्रकार असा आहे कीं, कागद ज्या दिवशीं उघडावा त्या दिवसाची तारीख तो दाखवितो. कागद प्रथम निर्माण झाला तो दिवस दाखविणारा दुसरा प्रकारहि आहे. पण तीच फाइल नव्या नांवानें जतन केली तर तोहि बदलतो. म्हणून दाखला, पावती, हुकूम अशा कागदांवर तारीख हातानेंच लिहावी. दुसरा दोष अधिक खोल आहे. नक्कल वांटली म्हणजे तिच्यांतली चूकहि वांटली जाते, आणि दुरुस्ती मात्र वांटली जात नाहीं.

म्हणून नमुना वांटूं नये. त्याची जागा सर्वांस दाखवावी. सर्व्हरवर एक फोल्डर करावें आणि मंजूर नमुने तेवढे त्यांत ठेवावेत. वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्यें 'ॲडव्हान्स्ड' या भागाच्या शेवटाकडे 'फाइल लोकेशन्स' नांवाचें बटण आहे. त्यांत 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' अशी एक ओळ असते. तेथें प्रत्येक संगणकावर या फोल्डराचा पत्ता एकदां घातला, कीं नवा कागद काढतांना तेच नमुने सर्वांसमोर येतात. लिबरऑफिस वापरणाऱ्यांसहि नमुन्यांच्या फोल्डराचा पत्ता असाच नेमून देतां येतो. मात्र 'नॉर्मल' नांवाचा जो मूळचा नमुना प्रत्येकाकडे असतो, तो ज्याचा त्याचा खाजगी आहे; तो सामाईक करण्याच्या भरीस पडूं नये.

पत्ता सर्वत्र एकच असावा. एकाच्या संगणकावर त्या जागेस 'झेड' म्हणावयाचें आणि दुसऱ्याच्या 'एक्स', असें झाल्यास घोटाळा अटळ आहे. एकदां ठरलेली जागा वरचेवर हलवूंहि नये. प्रत्येक कागद आपला नमुना कोठला हें लक्षांत ठेवितो. ती जागा नाहींशी झाली तर तो उघडतांना तिचा शोध घेत बसतो, आणि आपण संगणक मंद झाला म्हणून त्याला बोल लावितों.

मराठी कचेऱ्यांची एक निराळी अडचण आहे, ती अक्षरांची. कृतिदेवासारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत केलेला नमुना, तो संच नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. युनिकोड १९९१ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यांत देवनागरी आरंभापासून आहे. सामाईक नमुने त्याच पद्धतीनें लिहावेत.

आतां अधिकाराविषयीं. त्या फोल्डरांतील नमुने वाचण्याची मुभा सर्वांस असावी. बदलण्याची मात्र एकासच. हें ऐकून कांहींच्या मनाला लागतें. आमच्यावर विश्वास नाहीं काय, असें ते विचारतात. परंतु वर्गांतील हजेरीपटावर खूण करण्याचा अधिकार एकाच शिक्षकास असतो, तो इतरांवर अविश्वास म्हणून नव्हे. चुकीचा जाब कोणाला विचारावयाचा, हें ठरलेलें असावें म्हणून. मात्र या अधिकाराबरोबर एक कर्तव्यहि येतें. टेबलावर काम करणाऱ्यास नमुन्यांत उणीव दिसली, तर ती ऐकून घेऊन दोन दिवसांत दुरुस्त करणारा माणूस तेथें हवा. तो ऐकत नसेल, तर लोक पुन्हां आपापल्या नकला करूं लागतील, आणि त्यांना दोष देतां येणार नाहीं.

नमुना सुधारला म्हणून पूर्वीं काढलेल्या कागदांतील मजकूर बदलत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. तें योग्यच आहे. दिलेला कागद हा पुरावा आहे. तो मागाहून बदलतां कामा नये. प्रत्येक नमुन्याच्या तळाशीं तो कोणत्या महिन्यांत मंजूर झाला हें बारीक अक्षरांत लिहावें, म्हणजे हातांतला कागद जुन्या नमुन्याचा कीं नव्या, हें पाहतांच कळतें.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु खिडकीच्या आंत जो कागद दहा मिनिटांचें काम असतो, तोच खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचें एक वर्ष असूं शकतो. त्याला आपलें सर्व्हर दिसत नाहीं आणि आपलीं टेबलेंहि दिसत नाहींत. त्याच्या हातीं एक कागद पडतो, आणि तो खरा आहे या भरंवशावर तो पुढें जातो. तो भरंवसा राखावयाचा असेल, तर नमुना सर्वांचा असावा, पण त्याची जागा एक असावी आणि त्याचा धनीहि एक असावा.